ऊन किनाऱ्यावर, गोल्फ घाटावर

डिसेंबर उजाडला की कोल्हापुरात घरोघरी एकच खल सुरू होतो: यंदा किनारा कुठला? मालवण, गणपतीपुळे, वेंगुर्ला की सरळ गोवा? आमच्या घरी या खलात एक जादा पाचर असते. बायको विचारते समुद्र खोलीतून दिसतो का, मुलं विचारतात पोहायला मिळेल का, आणि मी विचारतो तिथं होल किती आहेत. खरं तर हे गाव लाल मातीचं आणि फुटबॉलचं. पाटाकडील आणि दिलबहार शाहू स्टेडियमवर समोरासमोर असतील त्या दिवशी गोल्फचं नाव काढणाऱ्याकडे लोक दयेनं बघतात. तरी पुण्या-मुंबईच्या नोकरीत हा नाद लावून घेऊन परत आलेली माझ्यासारखी मंडळी इथं आहेत, आणि सुट्टीला निघताना त्यांची पंचाईत होते. ती कशी सोडवायची, ते सांगतो.

आधी मुद्द्याचं. युरोपातला माणूस उन्हाच्या शोधात समुद्रावर जातो आणि तिथंच गोल्फ खेळतो. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर इतकी मैदानं आहेत, की लोक त्याला गमतीनं गोल्फचा किनारा म्हणतात. पोर्तुगालच्या आल्गार्व्ह भागाचं निम्मं पर्यटन याच खेळावर चालतं असं तिथं फिरताना वाटत राहतं. ते चित्र डोळ्यांपुढे ठेवून आपल्या कोकण-गोव्याच्या नकाशावर बोट फिरवलं, तर बोट फिरतच राहतं. ऊन आहे, वाळू आहे, माड आहेत, पण पूर्ण अठरा होलांचं मैदान हवं असेल तर पुन्हा घाट चढून वर यावं लागतं.

याचं कारण हवामानात कमी आणि इतिहासात जास्त आहे. गोल्फ हिंदुस्थानात आणला इंग्रजांनी. कलकत्त्याचा रॉयल क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत १८४२ मध्ये क्लब निघाला. पुढं जिथं जिथं छावणी पडली तिथं परेडचं मैदान, चर्च, रेसकोर्स आणि गोल्फ हा संच तयार झाला. पुणे, देवळाली, बेळगाव ही नावं घ्या: गोल्फची मैदानं आणि लष्करी कॅम्प एकाच नकाशावर सापडतील. गोव्यात पोर्तुगीज होते, त्यांना या खेळाचं वेड नव्हतं. तिथं इंग्रजांकडून आला तो फुटबॉल, आणि तोही एका पाद्र्याच्या हातून, १८८३ मध्ये शिवोलीला. तेव्हा खेळाच्या बाबतीत गोवा आणि कोल्हापूर एकाच पंगतीला बसणारे. गोल्फवाला दोन्हीकडे परकाच.

दुसरं कारण जमिनीचं. गोल्फ जिथं जन्मला त्या स्कॉटलंडमध्ये समुद्र आणि शेत यांच्यामध्ये वाळूच्या टेकाडांचा एक पट्टा असतो. त्यात पीक येत नाही, मेंढ्या चरतात, गवत आपसूक बुटकं राहतं. सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान अशाच पट्ट्यात आहे. तिथं १७६४ मध्ये बावीस होलांचे अठरा केले, आणि पुढं जगभर तोच आकडा रूढ झाला. आपल्या किनाऱ्यावर असा फुकट पट्टा नाही. पुळणीला लागून सुरूचं बन, मग माडांच्या बागा, वाडी, भातखाचरं, खाडीकाठी खाजण. प्रत्येक तुकड्याला कुणीतरी कसणारा आहे. त्यावर चढलं की जांभ्याचा सडा लागतो. सडा लांबून मोकळा, सपाट, गोल्फसाठीच सोडल्यासारखा दिसतो, पण वर मातीचा थर जेमतेम. पावसाळ्यात तिथं तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाणी कोसळतं आणि मार्चपासून दगड तापतो. अठरा होलांना सव्वाशे-दीडशे एकर तरी लागतात, आणि उन्हाळ्यात ते हिरवे ठेवायला रोज लाखो लिटर पाणी. कोकणातल्या ज्या वाडीला एप्रिलमध्ये टँकर येतो, तिच्या शेजारी हे पाणी कुठून आणणार?

आल्गार्व्हला मात्र हे जमलं, आणि तेही भातशेतावर. तिथलं पहिलं मैदान पेनिना, १९६६ चं. हेन्री कॉटन हे ब्रिटिश ओपन तीनदा जिंकलेले खेळाडू. त्यांनी जुन्या भातखाचरांची पाणथळ जमीन घेतली, ती सुकावी म्हणून झाडांची प्रचंड लागवड केली आणि मैदान उभं केलं. म्हातारपणी त्यांची बॅग एक गाढव वाहायचं, त्याचं नाव पासिफिको. १९६६ म्हणजे गोवा मुक्त होऊन पाचच वर्षं झाली होती. पोर्तुगीज आणखी काही काळ राहिले असते तर मांडवीकाठच्या खाजणांतही असंच काही झालं असतं का, असा विचार मनात येतो. झालं नाही ते बरंच झालं, असं शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला वाटतं. गोल्फरला वाटत नाही. दोघं एकाच अंगात राहतात.

हा झगडा प्रत्यक्ष बघायचा असेल तर गोव्याला जाताना वाकडी वाट करून तेरेखोलला जावं. कोल्हापूरहून आजऱ्यावरून आंबोली घाट उतरला की सावंतवाडी लागते. तिथून महामार्ग न धरता शिरोड्याकडे वळायचं. शिरोडं हे मिठाच्या सत्याग्रहाचं गाव, आणि आम्हा कोल्हापूरकरांना आणखी एका नात्यानं जवळचं: वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत इथं शिक्षक होते आणि इथूनच ते कोल्हापूरला आले. पुढं रेडीचा गणपती, आणि रेडीनंतर रस्ता न सांगता गोव्यात शिरतो. तेरेखोल हे गाव गोव्याचं, पण नदीमुळे बाकीच्या गोव्यापासून तुटलेलं. जमिनीवरून त्याला महाराष्ट्रच लागून आहे. नदीपलीकडच्या केरीला जायचं तर फेरीबोट. किल्ला मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी तो घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा चढवला होता. आत सेंट अँथनीचं छोटं चर्च आहे, आणि तटावरून केरीची पुळण दक्षिणेकडे पसरलेली दिसते.

या गावाच्या वरच्या पठारावर अठरा होलांचं गोल्फ रिसॉर्ट उभारायचा बेत एका हॉटेल कंपनीनं केला. जागा बघितली तर बेत करणाऱ्याच्या नजरेला दाद द्यावी लागते. तीन बाजूंनी पाणी, मागं किल्ला, संध्याकाळी पश्चिमेचा वारा. जगाच्या पाठीवर कुठंही असती तर ही जागा गोल्फच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर गेली असती. पण पठारावर काजूच्या बागा होत्या, आणि त्या कसणारी कुळं आणि मुंडकार (मालकाच्या जमिनीवर घर असलेले) गावात होते. जमीन विकणारा एक आणि कसणारा दुसरा, हा गोव्यातला जुना गुंता. २०१५ च्या सुमारास झाडं तोडायला यंत्रं आली तेव्हा गाव आडवं झालं. पर्यावरणवाल्या संघटना, चर्चची मंडळी त्यांच्यामागे उभी राहिली आणि प्रकरण न्यायालयांत गेलं. सुट्टीवाल्यापुरतं सांगायचं तर तेरेखोलला गोल्फ खेळता येईल अशी जागा अजून तरी नाही. तिथं किल्ला बघावा, फेरीत गाडी घालावी आणि केरीला उतरावं. गोल्फची बॅग डिकीत असेल तर ती तिथंच राहू द्यावी, गावात तिच्याकडे कुणी कौतुकानं बघणार नाही.

आणखी एक गोष्ट जाता जाता. ज्या गवतावर जगातली निम्मी उष्ण प्रदेशातली मैदानं उभी आहेत ते बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळीच. गणपतीला वाहतो ती दूर्वा. आमच्याकडे उसाच्या फडात ही हरळी दिसली की शेतकरी शिव्या घालत तिच्या मुळ्या खणतो, आणि हॉटेलवाले तिच्याच सुधारित जातींसाठी पैसे मोजून माळी नेमतात. समुद्राकाठी पाणी खारट असलं तर पास्पालम नावाचं दुसरं गवत लावतात, ते मचूळ पाण्यावरही तग धरतं. ग्रीनवर उतरलात की बूट काढून पाहायला हरकत नाही (कॅडी बघत नसेल तर): पास्पालम जरा गुबगुबीत लागतं आणि त्यावर चेंडू हरळीपेक्षा हळू धावतो. पटरचा टोला थोडा जोरात मारावा लागतो.

आता गोव्यात खरोखर खेळायला मिळतं ते कुठं. सगळं दक्षिणेत. उत्तर गोव्यात कळंगुट-बागाच्या गर्दीत राहून गोल्फ शोधणाऱ्यानं रोज दीड-दोन तास गाडीत काढायची तयारी ठेवावी. त्यापेक्षा मुक्कामच साष्टीत किंवा काणकोणात करावा.

पहिलं ठिकाण मोबोर. कोलव्यापासून बाणावली, वार्का, कॅव्हेलोसीम असा किनारा दक्षिणेकडे येत येत साळ नदीच्या मुखाशी संपतो, ते टोक मोबोरचं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी, पलीकडे बेतूल. इथलं मोठं रिसॉर्ट लीला या नावानं लोकांच्या तोंडी बसलेलं, आता पाटी सेंट रेजिसची आहे. त्याच्या आवारात बारा होलांचं मैदान आहे आणि बाराही होल पार तीनचे. गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी सांगतो: पार तीन म्हणजे टीवरून (होलाच्या सुरुवातीच्या जागेवरून) मारलेला चेंडू तीन टोल्यांत होलमध्ये जावा अशी अपेक्षा, अंतर साधारण अडीचशे यार्डांच्या आत. त्यामुळे इथं ड्रायव्हर काढून छाती फुगवायची संधी मिळत नाही. नेहमीचा खेळाडू ऐकून नाक मुरडतो. मी म्हणतो, सुट्टीला हेच योग्य. दीड-दोन तासांत फेरी होते, नाश्त्याच्या वेळेला तुम्ही घरच्यांत परत असता, आणि अर्धा संच पुरतो: सात नंबर, नऊ नंबर, वेज आणि पटर. शिवाय ज्यांनी कधी काठी हातात धरली नाही त्या मेहुण्याला किंवा मुलीला सोबत नेता येतं. अठरा होलांच्या लांब मैदानावर नवशिक्याला नेणं हा त्याच्यावरही अन्याय आणि मागून येणाऱ्या चौकडीवरही.

बाणावलीच्या ताज एक्झॉटिकामध्येही हिरवळीवर एक छोटं मैदान आहे. तिथं चिप आणि पट यांचा सराव होतो. खास त्यासाठी खोली घ्यावी असं नाही. तिथं उतरलाच असाल तर सकाळचा एक तास चांगला जातो.

दुसरं महत्त्वाचं ठिकाण काणकोण. राजबागच्या किनाऱ्यावर ललितचं रिसॉर्ट आहे, तळपण नदीच्या मुखाजवळ. इथं नऊ होल आहेत, पण प्रत्येकाला दोन टी. पहिल्या फेरीत एका टीवरून खेळायचं, दुसऱ्या फेरीत दुसरीवरून, म्हणजे नऊचे अठरा होतात आणि पार बहात्तर भरतो. कागदावर ही चलाखी वाटते. खेळताना तसं वाटत नाही, कारण टी बदलली की कोन बदलतो. मघाशी डावीकडे असलेलं पाणी आता समोर येतं आणि मघाचा सात नंबर आता पाच नंबर होतो. या किनाऱ्यावर ड्रायव्हर मनसोक्त फिरवायचा असेल तर हीच जागा.

मोबोरहून काणकोणला जाताना बहुतेक जण मडगाव गाठून महामार्गानं करमल घाटातून उतरतात. वेळ असेल तर आसोळण्यावरून बेतूल, काब द राम, आगोंद हा किनाऱ्याचा रस्ता धरावा. वळणं भरपूर, पोटातलं पाणी हलतं, पण काब द रामच्या तटावरून जो समुद्र दिसतो तो महामार्गावरून दिसत नाही. काणकोणचं बाजाराचं गाव चावडी. पाळोळें आणि पाटणें हे किनारे हाकेच्या अंतरावर, म्हणून घरच्यांची सोय होते. तळपणच्या पलीकडे गालजीबाग आहे, तिथं हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि वनखातं घरट्यांभोवती कुंपण करतं. मुलांना चेंडूपेक्षा त्या कुंपणात जास्त रस वाटेल, वाटू द्यावा.

वेळेबद्दल शाळेच्या भूगोलात शिकलेलं इथं कामी येतं. पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, हलके आणि सरळ. दहा-अकराच्या पुढे खारे वारे उलटे फिरतात, आणि दुपारी ते इतके जोर धरतात, की वेजनं उंच उडवलेला चेंडू ग्रीनच्या मागं जाऊन पडतो. सात वाजता पहिला टोला हाणलात तर साडेनऊपर्यंत मैदान तुमच्या बाजूनं असतं. खेळायचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून दमट उकाडा, जूनपासून पाणी. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात रिसॉर्टचे दर आभाळाला भिडतात, आणि हिरवळीवर लग्नाचा मांडवही दिसू शकतो. या रिसॉर्टांत पाहुण्यांना अग्रक्रम असतो. बाहेरून येणाऱ्याला कधी देतात, कधी नाही. फोन करून विचारावं, आणि विचारताना तीन गोष्टी नक्की विचाराव्यात: सध्या किती होल चालू आहेत, ग्रीनची डागडुजी चालली आहे का, आणि भाड्यानं काठ्या मिळतात का. जाहिरातीतले फोटो पावसाळा संपल्या संपल्या काढलेले असतात.

आता समजा तुमचा जीव अठराखाली भागत नाही. तर मग परतीच्या वाटेवर बेळगाव आहे. काणकोणहून मडगाव, केपे, मोले, अनमोड घाट, खानापूर असं वर यायचं. बेळगावचा कॅम्प एकोणिसाव्या शतकातला, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच, आणि गोल्फ कोर्सही लष्कराच्याच ताब्यातला. झाडी अशी दाट की ऑगस्ट २०२२ मध्ये जाधवनगरात दिसलेला एक बिबट्या या मैदानात शिरला आणि तिथंच राहून गेला. आसपासच्या वीसेक शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलच्या तळावरून हत्ती आणले, पिंजरे लावले, ड्रोन उडवले. बिबट्या शेवटपर्यंत हाती लागला नाही. तेव्हापासून आमच्या ओळखीतला एक जण तिथं चेंडू झाडीत गेला की सरळ दुसरा चेंडू काढतो, दंडाचा टोला आनंदानं सोसतो. या मैदानावर कुणीही उठून जाऊ शकत नाही. सभासदाची ओळख किंवा परवानगी लागते. ती निघताना कोल्हापुरातूनच लावून ठेवावी, कारण फाटकावर उभं राहून कुणालाही फोन लागत नाही.

मुंबईकडचा पर्याय सांगायला हवा, कारण समुद्र आणि अठरा होल यांची सर्वांत जवळची गाठ तिथं पडते. कुलाब्याच्या टोकाला युनायटेड सर्व्हिसेस क्लबचं मैदान समुद्राला खेटून आहे, पण तो सैन्यदलांचा क्लब. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लब १९२७ चा, अठरा होलांचा, पाहुण्याला सभासद लागतो. ओळखपाळख नसलेल्याला सोयीचं म्हणजे खारघरचं सिडकोचं मैदान. डोंगराच्या पायथ्याशी आहे, सार्वजनिक आहे, पैसे भरले की खेळता येतं. समुद्र दिसत नाही. कोल्हापूरहून खारघर गाठायला जेवढा वेळ लागतो त्यात काणकोणला पोचून समुद्रात पाय भिजवून होतात, म्हणून मी सुट्टीसाठी ते सुचवणार नाही. कामानिमित्त मुंबईला गेलात तर गाडीत संच टाका.

म्हणजे आमच्या गावातून निघणाऱ्यानं निवड कशी करायची? घरचे सोबत असतील आणि गोल्फ फक्त तुम्हाला हवा असेल तर मोबोर. तिथं कुणाचाच दिवस वाया जात नाही. दोघं-तिघं खेळणारे मित्र असाल तर काणकोण, आणि परवानगी मिळाली तर येताना बेळगाव. जाताना आंबोली-शिरोडा-तेरेखोल आणि येताना अनमोड धरला तर रस्ता एकदाही तोच तो होत नाही. फक्त अनमोडचा रस्ता निघण्याआधी विचारून घ्यावा. पावसाळ्यात तिथं दरड कोसळते आणि अवजड वाहनं अडवतात, आणि त्याची डागडुजी हिवाळाभर चाललेली असू शकते. तो बंद असेल तर साखळीवरून चोर्ला घाट आहेच, बेळगावला त्यानंही पोचता येतं. फक्त काणकोणहून निघालेल्याला आधी अख्खा गोवा उत्तरेला चढून यावा लागतो, त्यामुळे त्या दिवशी सकाळची फेरी नऊ होलांवरच थांबवावी.